विरोधी पक्षांचे सहकार्य आणि कोकण रेल्वेची उभारणी : खेड तालुक्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन (१९५६–१९९८)

सारांश

रत्नागिरी जिल्ह्यातील खेड हे ठिकाण मार्च १९९५ मध्ये रेल्वेच्या नकाशावर आले. ज्या काळात हा मार्ग बांधला गेला, त्या काळात केंद्रात आणि संबंधित राज्यांत परस्परविरोधी पक्षांची सरकारे होती व ती वारंवार बदलत होती. तरीही काम पूर्ण झाले. संयुक्त महाराष्ट्र समिती आणि कोकण रेल्वे महामंडळ या दोन उदाहरणांच्या तुलनेतून प्रस्तुत लेखात असे मांडले आहे की, विरोधी पक्षांमधील सहकार्य टिकण्यासाठी नेत्यांमधील सलोखा पुरेसा नसतो. त्या सहकार्याला कायद्याचे, भांडवलाचे आणि निश्चित जबाबदारीचे रूप मिळावे लागते.

बीजशब्द : पक्षीय सहकार्य, संयुक्त महाराष्ट्र समिती, कोकण रेल्वे महामंडळ, संघराज्य, खेड, प्रादेशिक विकास.

१. प्रस्तावना

भारतीय राज्यव्यवस्थेच्या अभ्यासात पक्षांमधील स्पर्धेची चर्चा विपुल झाली आहे. निवडणुका, आघाड्या, पक्षांतरे व सत्तांतरे यांवर बरेच लेखन उपलब्ध आहे. त्या मानाने परस्परांचे विरोधक असलेले पक्ष एखाद्या सार्वजनिक कार्यासाठी एकत्र येतात तेव्हा ते सहकार्य कशाच्या आधारावर उभे राहते आणि कोणत्या परिस्थितीत टिकते, या प्रश्नाकडे दुर्लक्ष झाले आहे. असे सहकार्य म्हणजे थोर नेत्यांच्या मनाचा मोठेपणा, असे समजून विषय संपवण्याकडे सर्वसाधारण कल असतो. मोठेपणाचे महत्त्व नाकारण्याचे कारण नाही. परंतु केवळ त्यावर विसंबून राहिलेले सहकार्य नेते बदलताच संपुष्टात येते, हेही इतिहासात वारंवार दिसते.

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी रत्नागिरी जिल्हा हे उपयुक्त क्षेत्र आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या जिल्ह्याने पक्षीय सहकार्याचे दोन मोठे प्रयोग पाहिले. पहिला १९५६ ते १९६० या काळातील संयुक्त महाराष्ट्र समितीचा आणि दुसरा १९९० पासून सुरू झालेल्या कोकण रेल्वेच्या उभारणीचा. खेड तालुक्याचा संबंध दोहोंशी आला. परंतु दुसऱ्या प्रयोगाचे परिणाम तेथे आजही जमिनीवर दिसतात.

२. खेड : भूगोल आणि दळणवळणाचा प्रश्न

खेड हे जगबुडी नदीच्या काठी वसलेले तालुक्याचे ठिकाण आहे. पूर्वेला सह्याद्रीची रांग व तिच्या कुशीतील रसाळगड, सुमारगड आणि महिपतगड हे किल्ले, उत्तरेला कशेडी घाट आणि पश्चिमेला दापोली तालुका, अशी त्याची चतुःसीमा सांगता येते. जगबुडी पुढे वाशिष्ठीला मिळते आणि वाशिष्ठी दाभोळजवळ समुद्राला मिळते. त्यामुळे जुन्या काळी या भागाचा मुंबईशी संबंध प्रामुख्याने जलमार्गाने होता. मुंबईहून बोटीने बंदरापर्यंत, तेथून खाडीतून होडी वा लाँचने आणि पुढे पायी किंवा बैलगाडीने असा प्रवास होत असे. पावसाळ्यात समुद्र खवळला की हा मार्ग बंद पडे.

तालुक्याची अर्थव्यवस्था मात्र मुंबईवर अवलंबून होती. डोंगरउतारावरील वरकस जमीन, भाताची लहान खाचरे आणि तुकड्यांत विभागलेली मालकी यांवर कुटुंबाचा वर्षाचा चरितार्थ चालत नसे. घरातील कर्ते पुरुष मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत वा घरकामाला जात आणि त्यांच्या मनिऑर्डरीवर गावचा संसार चाले. गणपती, शिमगा आणि मे महिना या तीन वेळी हा प्रवाह उलट दिशेने वाहत असे. पुढे मुंबई–गोवा महामार्ग व एस.टी.च्या गाड्या यांमुळे बोटींचे महत्त्व ओसरले. परंतु कशेडीसारख्या घाटांतून रात्रभर चालणारा प्रवास कष्टाचा आणि धोक्याचा होता. म्हणूनच येथील जनतेच्या दृष्टीने रेल्वेची मागणी मुंबईतील रोजगार आणि कोकणातील घर यांना जोडून ठेवण्याची मागणी होती.

३. संयुक्त महाराष्ट्र समिती : एका मागणीपुरती एकजूट

६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समितीची स्थापना झाली. एस. एम. जोशी यांच्यासारखे प्रजासमाजवादी नेते, श्रीपाद अमृत डांगे यांच्यासारखे कम्युनिस्ट, शेतकरी कामगार पक्ष, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन, हिंदू महासभा आणि भारतीय जनसंघ असे एरवी एकमेकांवर कठोर टीका करणारे पक्ष मुंबईसह मराठी भाषकांच्या राज्याच्या मागणीसाठी एकत्र आले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्वैभाषिक मुंबई राज्य अस्तित्वात आल्यानंतर १९५७ ची सार्वत्रिक निवडणूक समितीने याच प्रश्नावर लढवली.

रत्नागिरी जिल्ह्यात या एकजुटीचे स्वरूप विशेष लक्षणीय होते. राजापूर लोकसभा मतदारसंघातून प्रजासमाजवादी पक्षाचे बॅरिस्टर नाथ पै निवडून आले, तर रत्नागिरी मतदारसंघातून भारतीय जनसंघाचे प्रेमजीभाई आशर विजयी झाले. त्या निवडणुकीत संपूर्ण देशात जनसंघाचे केवळ ४ खासदार निवडून आले होते. त्यांपैकी दोघे, म्हणजे रत्नागिरीचे आशर आणि धुळ्याचे उत्तमराव पाटील, मराठी भाषक प्रदेशातील होते. उरलेल्या दोघांत बलरामपूरचे अटलबिहारी वाजपेयी होते. एकाच जिल्ह्यात एका मतदारसंघात समाजवादी व शेजारच्या मतदारसंघात जनसंघीय उमेदवाराला समितीच्या छत्राखाली यश मिळावे, ही गोष्ट त्या काळच्या पक्षीय भूमिका लक्षात घेता असाधारण होती.

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. मागणी पूर्ण होताच समितीतील घटकपक्षांना एकत्र बांधून ठेवणारे सूत्र सुटले. शेती, उद्योग, परराष्ट्र धोरण यांविषयी त्यांचे मतभेद कायमच होते. समितीच्या काळात ते बाजूला ठेवण्यात आले होते. १९६२ च्या निवडणुकीत रत्नागिरीची जागा काँग्रेसच्या शारदा मुखर्जी यांच्याकडे गेली. नाथ पै यांनी राजापूर राखले, पण आता ते समितीचे नव्हे तर आपल्या पक्षाचे उमेदवार होते. समितीने राज्य मिळवून दिले, हे तिचे ऐतिहासिक यश निर्विवाद आहे. मात्र राज्य मिळाल्यानंतर कोकणासारख्या मागे राहिलेल्या भागासाठी काय करायचे, याविषयी घटकपक्षांना एकत्र बांधील ठेवणारी कोणतीही संस्था तिने मागे ठेवली नाही.

४. १९६० ते १९८९ : सर्वांची मागणी, एकट्याचे प्रयत्न

कोकण रेल्वेची मागणी कोणत्याही एका पक्षाची नव्हती. अ. ब. वालावलकर यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी तिच्यासाठी दीर्घकाळ प्रचार केला. नाथ पै यांनी लोकसभेत ती सातत्याने मांडली. काँग्रेसचे कोकणातील नेतेही तिचा पुरस्कार करीत. एवढे असूनही तीन दशके प्रगती अत्यंत मंद राहिली.

याचे एक उदाहरण बोलके आहे. मूळचे दक्षिण कोकणातील स. का. पाटील १९६४ ते १९६७ या काळात केंद्रीय रेल्वेमंत्री होते. काँग्रेस पक्षात त्यांचे स्थान मोठे होते. केंद्रात व राज्यात त्यांच्याच पक्षाची सरकारे होती. म्हणजे पक्षीय विरोधाचा अडथळा नव्हता. तरीही कोकणाच्या किनाऱ्याने मंगळूरपर्यंत जाणारा सलग मार्ग मंजूर झाला नाही. नव्या मार्गाच्या खर्चाच्या मानाने उत्पन्न किती, या कसोटीवर डोंगर, नद्या आणि विरळ उद्योग असलेला कोकण मागे पडत असे. एकाच पक्षाची सत्ता ही विकासाची हमी ठरत नाही, हे यावरून दिसते.

१९७७ मध्ये जनता पक्षाच्या सरकारात राजापूरचे खासदार प्रा. मधु दंडवते रेल्वेमंत्री झाले. त्यांच्या कार्यकाळात आपटा–रोहा मार्गाला चालना मिळाली. १९७९ मध्ये ते सरकार गेले, १९८० मध्ये काँग्रेस परत सत्तेवर आली आणि १९८६ मध्ये रोह्यापर्यंत गाडी पोहोचली. एका पक्षाच्या मंत्र्याने पुढे रेटलेले काम दुसऱ्या पक्षाच्या सरकारने पूर्ण केले, याची नोंद घ्यावी लागेल. परंतु प्रत्येक वर्षीच्या अर्थसंकल्पात किती रक्कम मिळते यावर काम अवलंबून असल्याने गती राहिली नाही. रोहा ते खेड हे अंतर १०० किलोमीटरहूनही कमी असताना, ते याच पद्धतीने कापावयाचे तर आणखी किती वर्षे लागतील याचा भरवसा नव्हता.

५. १९९० : महामंडळाची रचना

डिसेंबर १९८९ मध्ये विश्वनाथ प्रताप सिंह यांच्या नेतृत्वाखाली राष्ट्रीय मोर्चाचे सरकार केंद्रात आले. या सरकारला एका बाजूने भारतीय जनता पक्षाचा आणि दुसऱ्या बाजूने डाव्या पक्षांचा बाहेरून पाठिंबा होता. मूळचे मंगळूरचे जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री, राजापूरचे मधु दंडवते अर्थमंत्री आणि कर्नाटकचे रामकृष्ण हेगडे नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले. हा योग अनुकूल होता. पण संबंधित राज्यांची स्थिती पाहिली असता अडचण लक्षात येते. महाराष्ट्रात शरद पवार यांचे आणि कर्नाटकात वीरेंद्र पाटील यांचे काँग्रेस सरकार होते. केरळमध्ये ई. के. नायनार यांच्या नेतृत्वाखालील डावी लोकशाही आघाडी सत्तेवर होती. गोव्यात काँग्रेसमधून फुटलेल्या आमदारांसह बनलेल्या आघाडीचे लुईस प्रोतो बार्बोझा यांचे सरकार होते. खेड विधानसभा मतदारसंघाने १९९० च्या निवडणुकीत शिवसेनेचे रामदास कदम यांना निवडून दिले होते, तर रत्नागिरीचे खासदार काँग्रेसचे गोविंदराव निकम होते. थोडक्यात, खेडच्या मतदाराचा आमदार, खासदार, राज्य सरकार आणि केंद्र सरकार यांत तीन वेगवेगळे पक्ष होते.

या परिस्थितीत निवडलेला मार्ग संस्थात्मक होता. रेल्वेच्या नेहमीच्या अर्थसंकल्पातून पैसा देण्याऐवजी कंपनी कायद्याखाली स्वतंत्र महामंडळ स्थापन करण्यात आले. १९ जुलै १९९० रोजी कोकण रेल्वे महामंडळ अस्तित्वात आले. त्याच्या भागभांडवलात केंद्राचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५ आणि गोवा व केरळ यांचा प्रत्येकी ६ टक्के ठरला. उरलेला मोठा निधी करमुक्त रोख्यांद्वारे बाजारातून उभारावयाचा, मार्ग बांधून चालवावयाचा आणि कर्ज फिटल्यानंतर तो भारतीय रेल्वेकडे सोपवावयाचा, अशी ही योजना होती. रेल्वे मंडळातून नुकतेच निवृत्त झालेले ई. श्रीधरन यांच्याकडे महामंडळाची सूत्रे देण्यात आली. १५ सप्टेंबर १९९० रोजी रोहा येथे कामाचा शुभारंभ झाला.

येथे केरळच्या सहभागाचा विशेष विचार केला पाहिजे. रोहा ते मंगळूरजवळील ठोकूर या सुमारे ७४० किलोमीटरच्या मार्गाचा एकही किलोमीटर केरळमध्ये नाही. तरीही डाव्या आघाडीच्या सरकारने वाटा उचलला, कारण मुंबईकडे जाणाऱ्या मल्याळी प्रवाशांचे अंतर या मार्गाने बरेच कमी होणार होते. प्रत्येक पक्षाने येथे आपली विचारसरणी बाजूला ठेवली असे म्हणण्यापेक्षा, प्रत्येकाचा स्वतःचा लाभ एकाच मार्गावर येऊन मिळाला आणि महामंडळाने त्या लाभाचे व जबाबदारीचे प्रमाण आकड्यांत निश्चित केले, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल.

६. सरकारे बदलली, करार टिकला

या रचनेची कसोटी लगेच लागली. काम सुरू होऊन दोन महिने होण्याच्या आतच, ७ नोव्हेंबर १९९० रोजी, विश्वनाथ प्रताप सिंह सरकार विश्वासदर्शक ठरावावर पराभूत झाले. फर्नांडिस आणि दंडवते दोघेही मंत्रिपदावरून गेले. १९९१ च्या निवडणुकीत राजापूरमधून दंडवते पराभूत झाले व काँग्रेसचे सुधीर सावंत निवडून आले. कोकण रेल्वेला अर्थमंत्री म्हणून बळ देणाऱ्या नेत्याला रेल्वेचे श्रेय मतांच्या रूपाने मिळाले नाही. सहकार्याचा लाभ सहकार्य करणाऱ्यालाच मिळतो असे नाही, ही बाब राजकीय इतिहासाच्या अभ्यासकाने विसरता कामा नये.

त्यानंतर केंद्रात चंद्रशेखर, पी. व्ही. नरसिंह राव, वाजपेयी, एच. डी. देवेगौडा, इंद्रकुमार गुजराल आणि पुन्हा वाजपेयी असे पंतप्रधान झाले. केरळमध्ये १९९१ मध्ये संयुक्त लोकशाही आघाडी आणि १९९६ मध्ये पुन्हा डावी आघाडी आली. कर्नाटकात १९९४ मध्ये जनता दलाने काँग्रेसला हटवले. महाराष्ट्रात १९९५ पर्यंत काँग्रेसचे तीन मंत्रिमंडळांचे फेरे झाले. या सर्व काळात भागधारक तेच राहिले, कारण भागधारक पक्ष नसून शासने होती. एखाद्या नव्या सरकारला हा प्रकल्प आवडत नसला, तरी त्यातून अंग काढून घेणे म्हणजे आपलेच गुंतवलेले भांडवल बुडवणे होते.

गोव्यात या सहकार्याला सर्वांत मोठे आव्हान मिळाले. किनाऱ्याजवळील खाजण जमिनी, दाट वस्ती आणि वारसास्थळे यांना मार्गाचा धोका आहे, म्हणून तो आतील बाजूने न्यावा, अशी मागणी करणारे आंदोलन तेथे उभे राहिले. मूळ मार्गाच्या बाजूनेही लोक संघटित झाले. १९९३ मध्ये केंद्राने वादग्रस्त भागातील काम थांबवून न्यायमूर्ती ओझा यांचा आयोग नेमला. अखेरीस मूळ मार्ग बहुतांशी कायम राहिला. या विलंबाचा खर्च महामंडळाला सोसावा लागला. परंतु मतभेद सोडवण्याची प्रक्रिया चौकशी आणि निर्णय या रीतीने झाली, प्रकल्प मोडून पडला नाही.

उत्तरेकडील काम त्या काळातही चालू होते. जून १९९३ मध्ये रोहा–वीर हा टप्पा सुरू झाला. त्यापुढे खेड तालुक्याच्या उत्तर सीमेवरील डोंगर होते. नातूवाडीचा ४ किलोमीटरहून अधिक लांबीचा बोगदा याच भागात आहे. मार्च १९९५ मध्ये वीर–खेड टप्पा वाहतुकीस खुला झाला. त्याच महिन्यात, १४ मार्च १९९५ रोजी, मुंबईत मनोहर जोशी यांच्या नेतृत्वाखाली शिवसेना–भाजप युतीचे सरकार सत्तेवर आले. केंद्रात तेव्हा काँग्रेसचे सरकार होते. म्हणजे राष्ट्रीय मोर्चाच्या सरकारने आरंभिलेले, दोन्हीकडील काँग्रेस सरकारांच्या काळात पुढे गेलेले काम खेडपर्यंत आले, तेव्हा राज्याची सूत्रे तिसऱ्याच राजकीय प्रवाहाकडे जात होती. डिसेंबर १९९६ मध्ये खेड–सावंतवाडी टप्पा सुरू होईपर्यंत, म्हणजे सुमारे पावणेदोन वर्षे, मुंबईकडून येणाऱ्या मार्गाचे खेड हे शेवटचे स्थानक होते; पुढचा प्रवास रस्त्यानेच करावा लागे. २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्ग जोडला गेला आणि १ मे १९९८ रोजी पंतप्रधान वाजपेयी यांनी तो राष्ट्राला अर्पण केला. त्यांच्या मंत्रिमंडळात जॉर्ज फर्नांडिस संरक्षणमंत्री होते.

७. सहकार्याची किंमत आणि मर्यादा

या यशाचे वर्णन करताना त्याची किंमत कोणी दिली हेही पाहिले पाहिजे. प्रकल्पासाठी ४२,००० हून अधिक जमीनधारकांकडून जमीन घ्यावी लागली. कोकणात जमिनीचे तुकडे लहान आणि सातबारावरील सहहिस्सेदार अनेक. त्यांतील कित्येक जण मुंबईत. अशा स्थितीत एखाद्या खाचराचा अर्धा भाग रुळाखाली जाणे म्हणजे उरलेला भागही कसण्यास निरुपयोगी होणे, असा अनुभव लहान शेतकऱ्याला येऊ शकतो. पक्षांमध्ये एकमत असले की विरोधाचा आवाज विधिमंडळात मांडणारे कोणी उरत नाही. सर्वपक्षीय सहमतीचा हा दोष दुर्लक्षिता येत नाही. गोव्यात आंदोलन झाले म्हणून चौकशी झाली, हे येथे ध्यानात घ्यावे.

दुसरी मर्यादा आर्थिक होती. नव्वदहून अधिक बोगदे आणि जवळजवळ २,००० लहानमोठे पूल असलेल्या या मार्गाचा खर्च सुमारे ३,५०० कोटी रुपयांच्या घरात गेला. त्यातील मोठा भाग कर्जाचा असल्याने व्याजाचा भार महामंडळावर दीर्घकाळ राहिला. प्रत्यक्षाहून अधिक अंतर धरून भाडे आकारण्याची पद्धत या मार्गावर अवलंबली गेली. देशाच्या इतर भागांत रेल्वे सर्वसाधारण महसुलातून उभी राहिली असताना, कोकणातील प्रवाशाने मात्र तिकिटातून जादा भार उचलला.

तिसरी मर्यादा उद्दिष्टाची आहे. रेल्वे आली तरी खेडमधून मुंबईकडे होणारे स्थलांतर थांबले नाही. ये-जा सुलभ झाली. दळणवळणाविषयी पक्षांचे एकमत झाले, तसे स्थानिक रोजगार, शेती आणि लोटे-परशुराम येथील औद्योगिक वसाहतीचे प्रदूषण यांविषयी झाले नाही. रूळ, पूल आणि स्थानक यांचा खर्च वाटून घेता येतो. विकासाची दिशा ठरवताना हितसंबंध एकमेकांना छेद देतात आणि तेथे पक्षीय मतभेद पुन्हा पुढे येतात.

कालांतराने महामंडळाच्या रचनेलाही मर्यादा जाणवू लागल्या. २०२१ मध्ये रोहा–वीर दुपदरीकरण आणि २०२२ मध्ये संपूर्ण विद्युतीकरण पूर्ण झाले. परंतु उरलेल्या मार्गाच्या दुपदरीकरणासाठी लागणारे भांडवल महामंडळाच्या आवाक्याबाहेरचे होते. २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने भारतीय रेल्वेत विलीनीकरणास संमती दिली. मूळ योजनेतही मार्ग अखेरीस भारतीय रेल्वेकडे जाणे अभिप्रेत होते. मात्र विलीनीकरणानंतर राज्यांचा भागधारक म्हणून असलेला अधिकार राहणार नसल्याने, कोकणाच्या मागण्या पुन्हा केवळ केंद्रीय अर्थसंकल्पावर अवलंबून राहतील का, हा प्रश्न खेडसारख्या ठिकाणी महत्त्वाचा ठरतो.

८. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतात.

(१) संयुक्त महाराष्ट्र समितीतील सहकार्य एका मागणीभोवती उभे होते. ती मागणी पूर्ण होताच त्याचे प्रयोजन संपले. कोकण रेल्वेतील सहकार्य एका कामाभोवती उभे होते आणि ते काम पूर्ण होईपर्यंत टिकेल अशी रचना आरंभीच करण्यात आली.

(२) स. का. पाटील यांच्या काळात एकाच पक्षाची सत्ता असूनही मार्ग झाला नाही आणि १९९० नंतर विरोधी पक्षांची सरकारे असूनही तो झाला. म्हणून विकासासाठी केंद्रात व राज्यात एकाच पक्षाचे सरकार हवे, हा प्रचलित युक्तिवाद कोकणच्या इतिहासातून सिद्ध होत नाही.

(३) फर्नांडिस, दंडवते आणि हेगडे यांच्या पुढाकाराशिवाय महामंडळ स्थापन झाले नसते. परंतु ते केवळ त्यांच्या पुढाकारावर अवलंबून राहिले असते, तर नोव्हेंबर १९९० नंतर काम थांबले असते. नेतृत्वाचे खरे कर्तृत्व स्वतःच्या अनुपस्थितीत काम चालू राहील अशी व्यवस्था करण्यात दिसते.

(४) सर्वपक्षीय सहमतीत बाधितांचे म्हणणे हरवण्याचा धोका असतो. त्यामुळे अशा सहकार्याच्या रचनेत निधीच्या वाटणीइतकेच तक्रारींच्या सुनावणीलाही निश्चित स्थान असणे आवश्यक आहे.

२००८ च्या पुनर्रचनेत खेड हा स्वतंत्र विधानसभा मतदारसंघ राहिला नाही. तालुका दापोली आणि गुहागर या दोन मतदारसंघांत विभागला गेला. आता तालुक्याच्या कोणत्याही मोठ्या प्रश्नासाठी किमान दोन आमदारांनी, आणि बहुधा दोन पक्षांनी, एकत्र येणे अपरिहार्य आहे. १९९० च्या दशकातील अनुभव त्यांना मार्गदर्शक ठरू शकतो : मतभेद मिटण्याची वाट न पाहता, ते कायम असतानाही कोणती जबाबदारी कोणी, किती प्रमाणात आणि किती काळ पार पाडावयाची, हे लेखी ठरवून घेता येते.